हरितलवकातला परका तुकडा

बांबूच्या नात्यातलं ते बुटकं गवत. ताईने अकरा वर्षं त्याचा पिच्छा पुरवला होता. प्रयोगशाळेत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, कारण तिची सख्खी धाकटी बहीण एकेकाळी तिच्याच हाताखाली काम करायची. बहीण काम सोडून गेली, हाक तेवढी मागे राहिली.

बहिणीचं जाणं झालं ते एका तुकड्यावरून. पानाच्या पेशीत दोन वेगळ्या चुली असतात: अन्न शिजवणारं हरितलवक आणि त्या अन्नातून ऊर्जा काढणारी तंतुकणिका. दोघांचा डीएनए वेगळा. हरितलवकाच्या डीएनएचे तुकडे तंतुकणिकेत सर्रास सापडतात. उलटं सहसा होत नाही. धाकटीला नेमकं तेच उलटं सापडलं. ताईने भर बैठकीत निकाल लावून टाकला की ही भेसळ आहे, हिचे हात स्वच्छ नाहीत. धाकटीने मुकाट्याने तीनदा नवा नमुना काढला, तिन्ही वेळा तेच आलं. मग ताईने संगणकाला नियमच घालून दिला: असला तुकडा दिसला की वगळायचा. त्या नियमाचं तिला कोण कौतुक! धाकटी शाळेत विज्ञान शिकवायला निघून गेली.

आज डीएनएचे लांबलचक धागे सलग वाचणारं नवं यंत्र सुरू झालं, आणि त्या गडबडीत ताई आपला लाडका नियम लावायलाच विसरली. पडद्यावर एक अखंड धागा आला. दोन्हीकडे हरितलवक, मधोमध तंतुकणिकेचा तो तुकडा. भेसळीचा माल असा एकजीव होत नाही. लाखो वर्षांपूर्वी कधीतरी तो तिथे शिरला होता आणि घरचा होऊन गेला होता. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने दार लोटून घेतलं आणि बहिणीला फोन लावला.

आधी भाचरांची चौकशी झाली, गुडघेदुखीची झाली. मग मात्र टाळण्यासारखं काही उरलं नाही.

"तुझं बरोबर होतं," ताई म्हणाली. "तुकडा खरा आहे. सोमवारी बैठकीत सगळ्यांसमोर सांगणार आहे मी."

धाकटी टोमणा मारेल, निदान रडेल, असं ताईने गृहीत धरलं होतं.

"मी वर्गात प्रयोग करून दाखवत नाही, ताई," ती म्हणाली. "मुलींना करायला लावते, मी लांब उभी राहते. नऊ वर्षं झाली. परीक्षानळी उचलायला गेलं, की आधी माझे हातच दिसतात मला."