आत्यांच्या हातांचा काटा

बसमधून उतरून मी बाळाला घेऊन थेट आत्येसासूबाईंच्या टपाल कचेरीत शिरले. परदेशातल्या या लहानशा गावात त्या तीस वर्षं पार्सलं तोलत होत्या. दोन दिवसांच्या प्रवासात बाळ धड दूध प्यायलं नव्हतं. वजन घटलं असेल, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता.

आत्यांनी त्याला हातांवर घेऊन क्षणभर डोळे मिटले. "सात किलो दोनशे."

निघतानाही तेवढंच होतं. पण माझा विश्वास यंत्रांवर. "आत्या, काट्यावर बघू या?"

"बघ की. तिकिटं मात्र तू चिकटव हं!"

काट्यावर सात किलो तीनशे वीस आलं.

"एकशेवीस जास्त."

"ते दुपट्याचे गं. मी मनातच वजा केले."

मी दुपटं वेगळं तोललं. एकशेवीसच भरलं. मग तिथल्याच बाकावर निवांत बसून बाळाला पाजायला घेतलं.