उलटे बाण

संगणकाच्या पडद्यावरच्या दीर्घिकेत एका बाणाचं टोक आतल्या बाजूला वळलेलं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून पाहिलं. शेजारचा बाणही आत. त्याच्या पलीकडचाही. चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणारे हे बाण बाईंच्या दीर्घिकेत आजवर बाहेरच बघत आले होते.

"काय केलंस गं हे?"

विद्यार्थिनी खुर्चीच्या कडेवर टेकली होती. विभागात तिला सगळे शंकासुर म्हणत.

"बाई, रागावू नका. सुरुवातीचं क्षेत्र बदललं मी. न विचारता."

बाईंचा प्रोग्राम सुरू व्हायचा तो क्षीण, सरळ क्षेत्रापासून. सगळ्या रेषा एकाच दिशेने, विंचरलेल्या केसांसारख्या. मग वायू गोळा होई, ताऱ्यांचे स्फोट त्याला घुसळत, दीर्घिका गरगरू लागे आणि क्षेत्र वाढत जाऊन तिच्या सर्पिल भुजांच्या कडेने वळे. तो प्रोग्राम अनेकांनी मागून पाहिला होता. डोळे मिटून वापरणाऱ्याच्या हाती तो पडेल, या धास्तीने बाई दर वर्षी निवृत्ती टाळून नोकरीची मुदतवाढ घेत आणि घरी यजमान बांधून ठेवलेल्या सामानाकडे बघत बसत.

"सरळ रेषांऐवजी काय घातलंस?"

"गुंता. म्हटलं, भुजांमधलं वळण दीर्घिकेचं स्वतःचं आहे की आपणच आधी घातलेलं, ते तरी कळेल."

बाईंनी हाताची घडी घातली. हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधीच विचारला नव्हता.

"बाण उलटे आले तेव्हा वाटलं, झाला बट्ट्याबोळ. पण पुन्हा वेगळा गुंता घेतला, तर बाण तुमच्यासारखे बाहेर! आता टोकं पुसून बघा."

तिने कळ दाबली. टोकं गेली, नुसत्या रेषा उरल्या. शेजारी तिने बाईंची जुनी दीर्घिका उघडली. दोन्हीकडे तेच वळण, भुजेला तशाच बिलगलेल्या रेषा.

"प्रकाशाचं ध्रुवीकरण मोजणाऱ्या दुर्बिणीलाही टोकं कळत नाहीत," बाई हळूच म्हणाल्या. "रेषेची ठेवण तेवढी कळते."

"म्हणजे टोक कुठे वळेल हा योगायोग. वळण मात्र तिचं. तुम्ही काय पेरलं होतं, ते तिला आठवतही नाही, बाई."

"कृतघ्न कुठली!" बाई म्हणाल्या, आणि कितीतरी वेळ हसू आवरेना. मग त्या पुन्हा पडद्याशी वाकल्या. एकेका भुजेवरून बोट फिरवत राहिल्या, काचेला न लावता.

फोन वाजला. यजमानांचा.

"निघालीस का? की अजून एक दीर्घिका शिजत घातलीयस?"

"शिजली. सुंदर झालीय."

"बरं. तुझ्या ऑफिसातून पुन्हा फोन आला होता, मुदतवाढीचं काय म्हणून. नेहमीसारखं हो सांगून टाकू?"

बाईंनी शंकासुराकडे पाहिलं. ती घाईघाईने उठू लागली, तशी त्यांनी हातानेच तिला बसवलं.

"नको," बाई म्हणाल्या. "यंदा मी थांबत नाहीये. प्रोग्राम हिच्या हाती देतेय."