वीतभर पाणी

“एकशे चार... एकशे चार.”

होडीतून बाबा आकडा दोनदा पुकारायचे आणि काठावर बसलेली चिमुरडी तो वहीत उतरवायची. बाबा अभयारण्याचे रखवालदार. तळ्यातल्या आकडे कोरलेल्या खांबावर रोज सकाळी पाण्याची उंची वाचायची, हे त्यांचं काम. मोठ्या पुराच्या वर्षापासून मात्र ते आकडा एकदाच पुकारू लागले. तिने विचारलं, तर म्हणाले, घसा बसलाय.

ती चिमुरडी आता त्याच अभयारण्याची शास्त्रज्ञ होती. कचेरीत तिला सगळे मोजपट्टी म्हणत, अगदी तोंडावर. आणि बाबांच्याच वह्या पुढे करून मोठे साहेब सांगत होते, तळं वीतभर आटलंय, वरचा ओढा वळवून ते भरायचं. भरलं असतं, तर काठावरची टिटव्यांची सारी घरटी पाण्याखाली गेली असती.

मोजपट्टीला काही ते पटेना. तळं आटतं ते हळूहळू, वर्षावर्षाने. हे एका पुरात वीतभर उतरलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं? दोन हिवाळे तिने कचेरीतलं जुनं दप्तर उपसलं. शेवटी एका जुन्या नकाशावर ओळ सापडली: खांबाचा माथा काठच्या खडकावरच्या खुणेच्या बरोबरीत.

निर्णयाच्या सकाळी तिने साहेबांना आणि कचेरीतल्या सोबत्यांना काठावर नेलं. होडी वल्हवायला निवृत्त बाबा आले. गवंडी वापरतात तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी तिने आणली होती. एक टोक तिने खुणेला लावलं, दुसरं बाबांनी खांबाला. नळीतलं पाणी वरखाली हेलकावत होतं. मग ते स्थिरावलं. खांबाचा माथा त्याच्या वीतभर वर होता.

“पाणी उतरलं नाही, साहेब,” ती म्हणाली. “खांब चढलाय.”

साहेबांनी होडीत बसून, वाकून, स्वतः वीत लावून पाहिली. मग काठावर येऊन ओढा वळवण्याच्या कागदावर आडवी रेघ मारली. सोबत्यांनी टोप्या उडवल्या, तशा टिटव्यांनी कलकलाट करून सगळ्यांना हाकलायलाच घेतलं.

साहेबांनी हसत विचारलं, खांबाला काय पाय फुटले? ती म्हणाली, पुराने हलला असेल.

बाबांनी वल्हं आडवं ठेवलं.

“पुराने पाडला,” ते म्हणाले. “उभा मी केला. मोजणीदाराला बोलवायचं सोडून, एकट्याने. खाली खडक लागला, खांब वीतभर वरच राहिला. नोकरीच्या भीतीने गप्प बसलो. तेव्हापासून, पोरी, आकडा दुसऱ्यांदा पुकारायला जीभच उचलेना.”