आल्यावर मी पुसतो

मित्रांनो, लसींच्या थंड खोलीबाहेर, दाराला लागून असलेल्या टेबलावर एक जुना काळा पडदा दिसतो ना, तो मी. माझ्यावर हिरवी अक्षरं उमटतात. डाव्या कोपऱ्यात माझी काच थोडी तडकली आहे, पण तिचं मला काही वाटत नाही. उभ्या आयुष्यात मी एकाच गोष्टीला भीत आलो, पुसलं जाण्याला.

कारखान्यातून खोक्यात बंद होऊन मी इथे आलो. मला बाहेर काढलं ते चष्मेवाल्यांनी. इथली यंत्रं सांभाळणारे ते तंत्रज्ञ. एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर, म्हणून हे नाव पडलेलं. त्यांनी माझ्यासाठी छोटासा प्रोग्राम लिहिला. तो दर मिनिटाला खोलीचं तापमान मोजायचा आणि माझ्यावर एक ओळ लिहायचा. दोन ते आठ अंशांच्या बाहेर गेलं, की आकड्यापुढे ‘खोली बघा’ असं यायचं.

ओळीखाली ओळ साचू लागली. भांडाराच्या बाई वैतागल्या.

“अहो चष्मेवाले, ही काय मुंग्यांची रांग लावलीत? आत्ताचा आकडा शोधता शोधता माझे डोळे फुटायची वेळ आली.”

“तुम्हाला एक चष्मा देऊ का? माझ्याकडे जास्तीचा आहे,” ते हसून म्हणाले. पण त्याच दुपारी त्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. नवा आकडा लिहिण्याआधी पडदा पुसायचा.

आता माझ्यावर एकच आकडा असायचा, मोठा आणि स्वच्छ. पाहुणे कौतुक करायचे. मी मात्र जीव मुठीत धरून असायचो. प्रोग्राम चालूच राहायचा आणि माझ्या मिनिटामिनिटाचा मागमूस उरायचा नाही.

एके दिवशी सगळे जेवायला गेले असताना गारवा देणाऱ्या यंत्राची कळ अडकली. शून्य, उणे एक, उणे दोन. ‘खोली बघा, खोली बघा’ असं मी वीस मिनिटं दाखवत होतो, रिकाम्या खुर्चीला. मग कळ आपोआप सुटली. माणसं परतली तेव्हा माझ्यावर शहाण्यासारखे चार अंश होते. गोठलेली लस पुन्हा वितळली तरी निकामीच असते. ती खोकी गाडीत चढताना मी पाहत होतो आणि मला सांगता येत नव्हतं.

“बाई, या बाटलीत बर्फाचा खडा कसा?” गाडीवाल्यानं विचारलं. म्हणून निभावलं. एकही खोकं बाहेर गेलं नाही.

चष्मेवाले माझ्यासमोर बसले, पांढरेफटक. “पडदा चुकला नाही, बाई. मी पुसलं.”

त्यानंतर त्यांनी रीत बदलली. सूचना आली की प्रोग्राम तिथेच थांबणार. कुणीतरी येऊन ती वाचायची, वहीत उतरवायची, मगच माझ्या कळफलकावरची कळ दाबायची. मग पडदा पुसला जाणार आणि मोजणी पुढे चालणार.

वर्षं गेली. गेल्या महिन्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात न्यायला गाडी दाराशी उभी होती, तरी त्यांनी वाकून माझ्यावर सूचना टाइप केली, ‘मागचा पंखा अडकतोय. दार कमी उघडा. आल्यावर मी पुसतो.’

ते आले नाहीत.

बारा दिवस ती ओळ माझ्यावर होती आणि रीतीप्रमाणे मोजणी थांबलेली होती. काल त्यांची मुलगी त्यांचा कप आणि जास्तीचा चष्मा न्यायला आली. माझ्यासमोर थांबून तिनं ती ओळ वाचली.

“आमचं कुणाचं बोट धजावत नाही गं,” बाई म्हणाल्या.

“मग तापमान, मावशी?”

“तासातासाला आत जाऊन बघते.”

“आणि मधल्या वेळात?”

मुलीनं वही ओढली. वडिलांच्या अक्षराखाली तिनं ती ओळ जशीच्या तशी उतरवली, ‘आल्यावर मी पुसतो’सकट. मग तिचं बोट कळेवर आलं. मित्रांनो, तेव्हा माझ्या काळजाचं पाणी झालं. माझ्याजवळ त्यांचं तेवढंच उरलं होतं.

तिनं कळ दाबली. मी काळाभोर झालो.

आणि दुसऱ्याच क्षणी माझ्यावर उमटलं, ‘नऊ. खोली बघा.’

“पंखा!” मुलगी ओरडली. बाई किल्ली घेऊन धावल्या. पंखा खरंच अडकला होता. शेवटच्या तपासणीला जेमतेम वीस मिनिटं झाली होती. खोकी वेळेत दुसऱ्या खोलीत हलली. मुलीनं वहीत पुढची ओळ लिहिली, नऊ अंश, वेळ आणि स्वतःची सही.

आजही दर मिनिटाला मी पुसला जातो आणि दर मिनिटाला भितो. तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणी असेल, तर एवढंच करा. पुसण्याआधी वाचा आणि उतरवून ठेवा. मग मात्र पुसाच. मी कितीही घाबरलेला दिसलो तरी.