सतरा नंबरचा स्फटिक

"काकू, तुमचं नाव तिसरं आहे," असं म्हणून सरांनी छापायला जाणाऱ्या नव्या निबंधाचा कागद माझ्यापुढे सरकवला. तोरा असा, की जणू राज्यच दिलं.

सव्वीस वर्षं मी या प्रयोगशाळेत प्रोटीनचे स्फटिक वाढवते. प्रोटीनचा आकार डोळ्यांना दिसत नाही. त्याचा स्फटिक करायचा, त्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून संगणकानं नकाशा काढायचा, अशी रीत. स्फटिक होईपर्यंतचं काम माझं, पुढचं शहाण्यांचं. एका ताटलीत शहाण्णव खळगे, प्रत्येकात टाचणीच्या डोक्याएवढा थेंब. तो थेंब लावायचा आणि थंड खोलीत स्वेटर घालून महिना महिना वाट बघायची. माझ्या स्फटिकांवर आजवर अकरा निबंध छापून आले. सगळ्यांच्या शेवटी एकच ओळ, 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार'. कुणाचे आभार, ते नाही. पंख्याचेही असतील.

सरांनी गेल्या दहा वर्षांत थेंब टाकायची पिपेट एकदाच हातात धरली, तीही फोटोसाठी आणि उलटी. त्यांचा उजवा हात म्हणजे संगणकावर नकाशे बघणारा एक चाळिशीतला गृहस्थ. सरांनी तोंड उघडायच्या आधीच हा "हो सर" म्हणतो, म्हणून आम्ही त्याला होसरच म्हणतो.

या वेळी सरांना एक औषध प्रोटीनच्या खाचेत बसलेलं दाखवायचं होतं. कुठं बसेल याचं भाकीत संगणकानं केलंच होतं. आता प्रत्यक्षात ते तिथं आहे, एवढं स्फटिकावरून सिद्ध करायचं होतं. मी सहा स्फटिक औषधाच्या पाण्यात बुडवले. सहाच्या सहा तडकले. उरलेले कोरे, औषध न लागलेले स्फटिक मी क्ष-किरणांच्या मोठ्या यंत्राकडे पाठवले आणि सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, "सर, औषधातले गेले सगळे. कोरेच पाठवतेय." सर फोनवर होते. त्यांनी अंगठा दाखवला.

आता सरांनी पुढ्यात ठेवलेल्या त्या निबंधात लिहिलं होतं, 'स्फटिक क्रमांक सतरा. औषध खाचेत स्पष्ट दिसते.' सोबत रंगीत चित्रही होतं.

सतरा नंबर कोरा होता. पाठवायच्या आधी मी स्वतःच्या हातानं गोठवला होता तो.

खोटं कशाला बोलू? मी गप्प बसले. एक नाही, दोन नाही, तब्बल आठ दिवस. कागद घरी नेला. नवरा बसमध्ये तिकीट तपासनीस होता, आता निवृत्त. त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. पण माझं नाव त्यानं तीनदा मोठ्यानं वाचलं आणि संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर सांगून आला. चौथ्या मजल्यावरच्या आजींना ऐकू येत नाही, तर त्यांना म्हणे लिहून दाखवलं. मी नको म्हटलं नाही. सरांना नावं ठेवण्यात माझा जन्म गेला, आणि एका ओळीपायी मी त्यांच्याच पंगतीला जाऊन बसले. थू माझ्या जिनगानीवर!

नवव्या दिवशी पत्र आलं. जगभरातल्या प्रोटीनच्या रचना जिथं जमा होतात आणि सरांनी आमचीही धाडली होती, तिथल्या तपासनीस बाईचं. सभ्य भाषा, पण नेमकं नाकावर बोट. औषधाच्या जागी पुरावा फार क्षीण दिसतो. हा स्फटिक औषधात खरोखर बुडवला होता का? ज्यांनी बुडवला त्यांनी स्वतः कळवावे. पत्राची एक प्रत मलाही होती.

मी होसरला गाठलं. "औषध काढून टाक आणि नकाशा पुन्हा काढ."

"कशाला काकू? सर म्हणाले—"

"सर मेले तरी काढ."

त्यानं काढला. औषध आधीच बसवून नकाशा काढला, तर तो तुमच्या मनातलंच थोडंफार परत दाखवतो. म्हातारीला विचारावं, नातू गोरा आहे ना, आणि तिनं हो म्हणावं, तसं. औषध काढल्यावर पडद्यावर त्या खाचेत वाटाण्याएवढे दोन फुगवटे उरले. पाणी, दुसरं काय! होसर टेबल पुसायला लागला. टेबल स्वच्छच होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"सरांना तो आकार आवडला होता," तो म्हणाला.

सरांनी मला बोलावलं. उत्तर टाइप करून तयारच होतं, फक्त माझी सही हवी होती. 'स्फटिक सतरा चार तास औषधात ठेवला होता.'

"सर, ठेवला नव्हता. तुम्हाला सांगितलं होतं मी."

"काकू, औषध तिथंच बसतं. भाकीत आहे, तर्क आहे. स्फटिक काय, आज ना उद्या मिळेलच. कोण बघतंय?"

"ती बाई बघतेय की."

"मग तुमचं नाव राहणार नाही, एवढं लक्षात घ्या," सर गोड आवाजात म्हणाले. गोड बोलले की हा माणूस जास्तच किळसवाणा दिसतो.

मी माझ्या जागेवर आले आणि एका बोटानं टाइप केलं. 'क्रमांक सतरा औषधात बुडवलेला नव्हता. बुडवलेले सहाही तडकले. हे मला आठ दिवसांपूर्वीच सांगायला हवे होते.' शेवटचं वाक्य एकदा खोडलं, परत लिहिलं आणि पाठवून दिलं.

सर धावतच आले. "कळतंय का काय केलंत? वर्षभराचं काम मातीत!"

"वर्ष माझं गेलं सर. तुमचा नुसता कागद."

त्यांनी माझ्यादेखत पेनानं तिसरं नाव खोडलं. इतकं दाबून, की कागद फाटला. पुढं त्यांनी तीच रचना औषधाविना, नुसतं प्रोटीन म्हणून जमा केली. नावं दोन, सरांचं आणि होसरचं. या खेपेला आभारसुद्धा नव्हते.

नाव खोडलं त्या संध्याकाळी मी घरी आले, चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "अहो, नाव गेलं."

"का गं?"

"औषध बसलंय असं लिहिलं होतं. पण त्यात औषध नव्हतंच."

"नव्हतंच? नक्की?"

"मीच केला होता तो स्फटिक. नव्हतं."

"मग आहे असं कसं लिहितील? बरोबर आहे," तो म्हणाला. एवढे पदव्या मिरवणारे, आणि त्यांच्या टाळक्यात जे शिरलं नाही ते याला दारातच कळलं. मला हसू आलं, आणि मग रडू.

मग त्यानं बाहेरचा सदरा चढवला, चष्मा लावला.

"आता कुठं?"

"लोकांना सांगून ठेवलंय ना मी. जाऊन येतो."

"राहू द्या हो. विसरतील लोक."

"विसरतील. पण मी सांगितलं होतं ना," म्हणत तो बाहेर पडला. त्याचा गुडघा दुखतो, त्यामुळे जिना तो एकेक पायरी थांबत उतरतो. तळमजल्यावर घंटा वाजली, दार उघडलं आणि त्याचा आवाज आला, "नाही, आत नाही येत. एवढंच सांगायचं होतं."