माडगरुडाची ढोली

हरिश्चंद्र मुंबईच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन गावी आला, तो गळ्यात दुर्बीण अडकवूनच. रोज सकाळी पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत वही, आणि स्वारी निघाली बांधावरून पक्षी बघायला! त्याची बायको सावित्री मागीलदारी भांडी घासता घासता त्याच्या दसपट पक्षी बघायची. पण विहिरीकडे, राखेच्या ढिगाशी पुरुषाने कशाला जायचं? तो भाग बायकांचा. मग तिथले पक्षीही बायकांचेच, वहीत लिहिण्याच्या लायकीचे नव्हेत.

त्या चैत्रात विहिरीजवळच्या आंब्याच्या ढोलीत माडगरुडाची, म्हणजे धनेश पक्ष्याची, मादी बसली होती. चोचीपुरती फट ठेवून तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं. नर उंबरं आणून फटीतून भरवी. तो मेला तर आत मादी आणि पिल्लं उपाशी मरणार, हे कळायला सावित्रीला दुर्बीण लागली नाही. हे सगळं नवऱ्याला सांगावं असं तिला फार वाटे. पण त्याने एकदा विचारावं तरी!

विचारलं त्याने, पण कधी? मुंबईहून एक विद्वान पाहुणा बंदूक आणि कापूस घेऊन आला तेव्हा. पक्षी मारायचा, कापूस भरून पेटीत ठेवायचा, ही त्याची पक्ष्यांवरची माया. दोघे सकाळभर डोंगर तुडवून हात हलवत परतले आणि पडवीत घाम पुसत बसले.

"साहेबांना माडगरुड हवाय," पाणी घेऊन आलेल्या सावित्रीला हरिश्चंद्र पाहुण्यादेखतच्या शुद्ध भाषेत म्हणाला. "तुला दिसला का कुठे?"

सगळं तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"माका काय कळता? हय नुसते कावळे."

"मी म्हटलं नव्हतं, हिला काय कळणार?" हरिश्चंद्र हसला. पाहुणाही हसला. सावित्रीच्या अंगाचा तिळपापड झाला.

एवढ्यात घरामागून पंखांचा मोठा आवाज आला. पाहुण्याचा हात बंदुकीवर गेला.

"हे काय?"

"माडाचा चुडात पडला असतला," सावित्री म्हणाली.

पाहुण्याने हरिश्चंद्राकडे पाहिलं. हरिश्चंद्राने डोळे मिटले, मान तिरकी करून क्षणभर ऐकलं.

"झावळीच ती," तो म्हणाला. "पक्ष्यांच्या बाबतीत माझा कान फसायचा नाही."

पाहुण्याने बंदूक भिंतीला टेकवली. तीस वर्षांच्या संसारात आपला नवरा काही कामाचा आहे, असं सावित्रीला पहिल्यांदाच वाटलं.