व्हायकिंगचा कमरपट्टा

बगळ्याला सगळे बगळाच म्हणायचे. बंदरावरच्या सगळ्यात उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये हा लांब मानेचा माणूस तासन्‌तास खाली बघत बसायचा आणि नेमका कंटेनर ट्रकच्या पाठीवर आणून टेकवायचा. दुसरं काय नाव पडणार? बायकोसुद्धा चिडली की "अहो" सोडून "बगळोबा" म्हणायची. आणि ती रोज चिडायची. खाली तिची लाँड्री, वर दोघांचं घर. इस्त्रीच्या वाफेत उभं राहून तिचा आवाज असा खणखणीत झाला होता, की शर्टावरचा डाग निघाला नाही हे गिऱ्हाइकाला रस्त्याच्या पलीकडेच कळायचं. बगळाही काही कमी नव्हता. दोघांची रोज सकाळी एक झकास खडाजंगी व्हायची, मग दोघं आपापल्या कामाला जायची, आणि दिवस कसा छान जायचा.

आणि एका सकाळी बगळ्याचा डावा डोळा गेला. दुखलं नाही की खुपलं नाही. दाढी करताना आरसा एका बाजूने धुरकटल्यासारखा झाला, तर हा बापडा टॉवेलने आरसाच पुसत बसला! डोळ्यामागच्या नसेत रक्ताची बारीकशी गुठळी अडकली होती. उजवा डोळा ठणठणीत राहिला. पण क्रेन सुटली ती सुटलीच. साहेबांनी त्याला गोदामाच्या खिडकीत बसवलं, हातमोजे आणि दोरखंड वाटायला.

हे सगळं त्याने पचवलं. त्याला पचलं नाही ते वेगळंच. लोक त्याच्याशी गोड वागायला लागले. जो मुकादम वायरलेसवरून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, तो आता "दादा, जेवलात का?" विचारायला लागला. शेजारी "काम अगदी डोळ्यात भर..." एवढं बोलून जीभ चावायचे आणि "म्हणजे, मनात भरण्यासारखं" अशी सारवासारव करायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बायको भांडेना. एकदा त्याने मुद्दाम ओला टॉवेल कडक इस्त्रीच्या चादरींवर टाकला. पूर्वी एवढ्यावर घर डोक्यावर घेतलं असतं तिने. त्या दिवशी ती नुसती म्हणाली, "असू दे हो." आपण माणसांतून उठलो, असं त्याला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

आता त्याच्या छंदाबद्दल सांगायला हवं. क्रेनवर अवजड डबे उचलणारा हा माणूस घरी आला की खिडकीजवळच्या टेबलावर बोटाएवढे सैनिक जोडायचा आणि रंगवायचा. जुन्या काळातले, खरेखुरे, अभ्यास करून. गावातल्या अशाच पाच-पंचवीस वेड्यांचं एक मंडळ होतं. औषधांच्या दुकानाच्या माडीवर ते जमायचं, आणि दुकानाचा मालकच मंडळाचा चिटणीस होता. वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात स्पर्धा व्हायची. बगळ्याला आजवर मुख्य गटात दोनदा तिसरा नंबर मिळाला होता, आणि पहिला कधी मिळाला नाही हे शल्य त्याच्या मनात होतंच.

डोळा जाण्याआधी त्याने एक डबा मागवून ठेवला होता. त्यात एक व्हायकिंग योद्धा होता, पण तुकड्या-तुकड्यांत. धड एकीकडे, हात एकीकडे, मुंडकं तिसरीकडे, आणि कुऱ्हाड, गोल ढाल, भाला वेगळेच. पाहणारा प्रत्येक जण विचारायचा, "शिरस्त्राणाला शिंगं कुठायत?" आणि बगळा दरवेळी तितक्याच तावातावाने सांगायचा, की शिंगं ही नाटकवाल्यांची थेरं आहेत, लढाईत शिंगं घालून गेलेल्या माणसाला शत्रू शिंगालाच धरून लोळवील.

जोडकाम तर झालं. ते बोटांनी कळतं. साच्याच्या रेघा कानशीने घासल्या, खांद्याला बारीक भोक पाडून तारेचा खिळा घातला, हात चिकटवले, फटीत पुट्टी भरून गुळगुळीत केली. वरून करड्या रंगाचा पहिला हात फवारला. इथवर गडी खुशीत होता. पण मग ब्रश हातात घेतला, आणि झाली की पंचाईत! एका डोळ्याला खोली कळत नाही. ब्रशचं टोक चेहऱ्याला टेकलं असं वाटावं, तर ते हवेतच. अजून लांब आहे म्हणून पुढे न्यावं, तर फचकन नाकावर ठिपका. चिलखत, ढाल, झगा कसेबसे जमले. तिथे ब्रश आडवा घासला तरी चालतं. डोळ्यांत मात्र नुसतं टोक टेकवायचं असतं. आणि डोळे चुकले की बाकीची सगळी मेहनत पाण्यात, कारण बघणारा आधी तिथेच बघतो.

त्याच आठवड्यात औषधवाल्याचा फोन आला.

"अरे, आम्ही ठरवलंय, यंदा तुझ्यासाठी एक खास गट करायचा. कौतुक गट. त्यात तू एकटाच. म्हणजे बक्षीस पक्कं! छान भाषण-बिषण करू. लोकांना प्रेरणा मिळेल."

"एकटाच?"

"तर! टेन्शनच नको."

बगळ्याने फोन ठेवला. एकट्याच्या शर्यतीत पहिला यायचं! त्यापेक्षा टेबल उचलून भंगारात दिलेलं बरं. यंदा मुख्य गटात उतरायचं, नाहीतर ब्रश कायमचा ठेवून द्यायचा, असं त्याने मनाशी पक्कं केलं.

पक्कं करायला काय जातंय? रविवारी लाँड्री बंद होती. दुपारी तो डोळे रंगवायला बसला. पहिला ठिपका गालावर, दुसरा भुवईवर. पुसलं. पुन्हा केलं. आता व्हायकिंगला नाकाच्या शेंड्यावर टपोरी चामखीळ उगवली. बगळ्याने ब्रश भिंतीवर भिरकावला.

बायको धुतलेले पडदे लावत होती. ती स्टुलावरून उतरली, ब्रश उचलून टेबलावर ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाली, "राहू दे हो. कशाला जिवाला त्रास?"

"तू असं बोलू नकोस!" तो ओरडला. "अगं, भांड की माझ्याशी! ब्रश फेकला मी! भिंतीला डाग पडला! दिसत नाही का तुला?"

"दिसतोय."

"मग?"

तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "कसं भांडू? तुम्ही चहा ओतायला जाता आणि कपाच्या बाहेर ओतता. ते बघून माझा धीरच होत नाही."

तिने पदराने डोळे पुसले. मग काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "मला एक कळत नाही. तुम्ही मला एकदा वर केबिनमध्ये नेलं होतंत. तिथून मला खालचं सगळं चपटं दिसत होतं, कागदावर काढल्यासारखं. माझे तर दोन्ही डोळे धड होते. मग तुम्हाला कसं कळायचं, डबा ट्रकला कधी टेकणार ते?"

"एवढ्या उंचीवरून दोन डोळे काय नि चार काय, चपटंच दिसतं," बगळा वैतागून म्हणाला. "आम्ही डबा बघतच नाही. सावली बघतो. डबा खाली यायला लागला की त्याची सावली बाजूने सरकत त्याच्याकडे येते. दोघं भेटले की टेकला."

एवढं बोलला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"अगं," तो पुटपुटला. मग मोठ्याने, "अगं ए! पडदे ओढ! सगळे ओढ!"

"आत्ताच लावलेत, सुरकुत्या पडतील."

"पडू देत!"

खोलीत अंधार झाला. त्याने टेबलावरचा दिवा डावीकडून उचलला. तो तिथेच असायचा, कारण उजव्या हाताने काम करणारा माणूस दिवा डावीकडे ठेवतो, म्हणजे ब्रशची सावली नजरेआड पडते. बगळ्याने तो उजवीकडे आणला, पार खाली, टेबलाला टेकवून. कोरडा ब्रश व्हायकिंगच्या तोंडासमोर धरला. गालावर ब्रशची काळी, टोकदार सावली उमटली. तो ब्रश पुढे न्यायला लागला, तशी सावली गालावरून सरकत टोकाकडे यायला लागली. जवळ आली. आणखी जवळ. भेटली. बोटांना हलकासा स्पर्श जाणवला.

"टेकला?" बायकोने श्वास रोखून विचारलं.

"टेकला."

त्याने पुन्हा करून पाहिलं, नाकावर, भुवईवर, मिशीच्या टोकावर. दरवेळी टेकला. चामखीळ पुसली. मग बुबुळाभोवतीचा पांढरा घेतला. निव्वळ पांढरा नाही, त्यात चेहऱ्याच्या रंगाचा थेंब मिसळलेला, नाहीतर माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो. ब्रशला टोक आणलं. सावली आली, भेटली, ब्रश उचलला. दुसरा डोळा. रंग वाळू दिला. मग काळा. व्हायकिंग किंचित डावीकडे बघायला हवा होता, ढालीच्या कडेवरून, समोरून कोण चालून येतंय ते. म्हणजे दोन्ही ठिपके त्याच बाजूला हवेत. केसभर चुकले तर योद्धा चकणा! पहिला पडला. बायकोने इतका जोरात श्वास घेतला की तिच्यावर डोळे वटारावे लागले. दुसरा पडला.

बगळ्याने भिंग उचललं. बोटाएवढा तो माणूस ढालीआडून असा रोखून बघत होता, की कुणाची पुढे यायची छाती होऊ नये.

"हाणला!" बगळा खुर्चीवरून उडालाच. "हाणला, हाणला!" त्याने बायकोला धरून त्या काळोखात गरगर फिरवलं आणि दोघांनी मिळून पडद्याचा दांडा खाली पाडला.

मग त्याने औषधवाल्याला फोन केला. "मुख्य गट."

"अरे, पण..."

"पण-बिण काही नाही. आणि परीक्षकांना माझ्याबद्दल अवाक्षर सांगायचं नाही. सांगितलंस तर माझ्याशी गाठ आहे."

यंदाच्या परीक्षकबाई बाहेरगावाहून आल्या होत्या. त्या एका संग्रहालयात जुन्या तलवारी, चिलखतं दुरुस्त करायच्या. त्यांच्या नुसत्या नावाने भल्याभल्यांचं धाबं दणाणायचं. मूर्तींना फक्त आकडे लावलेले होते. आधी परीक्षकांनी टेबलांवरून फिरून निकाल ठरवायचा आणि मग एकेका मूर्तीची चिरफाड सर्वांसमोर करायची, अशी तिथली पद्धत होती. पण बाई निकालाआधीच बगळ्याच्या व्हायकिंगसमोर थांबल्या. भिंग लावलं. वाकल्या. बराच वेळ उठल्याच नाहीत.

"हा कुणाचा?"

"माझा," बगळा म्हणाला.

"डोळे फार उत्तम. या सभागृहात असे दुसरे नाहीत." त्यांनी बारकी बॅटरी काढली, मूर्ती फिरवली आणि त्यांचा चेहरा बदलला. "आणि हे काय? हा पाठीमागचा कमरपट्टा? ही कड सरळ आहे? बकलाला छायाच नाही! पुढून एवढं देखणं काम करायचं आणि मागे कुणी बघणार नाही म्हणून उरकून टाकायचं? हा शुद्ध आळशीपणा आहे! तुमच्यासारख्या हाताच्या माणसाकडून मला हे चालणार नाही."

औषधवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. बगळ्याची बायको मात्र बाह्या सरसावून पुढे आली. "ओ बाई! तुम्हाला काही कल्पना आहे का, यांचा एक..."

बगळ्याने तिच्या पायावर आपला पाय जोरात दिला. ती "आई गं!" म्हणून थांबली. त्याने तिच्याकडे बघून मान हलवली. नको.

"बरोबर आहे तुमचं," तो परीक्षकबाईंना म्हणाला. "घाई केली मी. आणखी काय चुकलंय?"

बाईंनी मग त्याला झगा, कुऱ्हाडीचा दांडा आणि ढालीच्या फळ्या यांवरून असं झाडलं, असं झाडलं, की विचारू नका. बगळा मान ताठ करून ऐकत होता. किती महिन्यांनी कुणीतरी त्याची अशी हजेरी घेत होतं! आळशी म्हणाल्या बाई. बिचारा नाही म्हणाल्या. आतून त्याला हसू फुटत होतं आणि रडूही.

"पुढच्या वर्षी असला पट्टा दिसला तर गटातून बाहेर काढीन," त्यांनी शेवटी बजावलं आणि पहिल्या क्रमांकाची निळी फीत व्हायकिंगच्या पायाशी ठेवली. टाळ्यांनी सभागृह दणाणलं. औषधवाला वेड्यासारखा शिट्ट्या मारत होता.

बाहेर रस्त्यावर आल्यावर बायको लंगडतच चालत होती. बगळा डबा छातीशी धरून हवेत तरंगत होता.

"पाय मोडलात माझा," ती म्हणाली.

"बोलू दिलं असतं तर तू सगळं सांगून टाकलं असतंस."

"सांगणारच होते! पण बरं झालं नाही सांगितलं." ती चार पावलं चालली. मग थांबली, कमरेवर हात ठेवले आणि तिचा तो जुना, खणखणीत आवाज अख्ख्या रस्त्याने ऐकला. "आणि बगळोबा, खरं सांगू? तो पट्टा भिकारच रंगवलाय! मी तेव्हाच बघितलं होतं. म्हटलं, कशाला बोला!"

"बघितलं होतंस? आणि बोलली नाहीस?"

"आता बोलतेय ना! आणि भिंतीवरचा तो डाग? तो कोण पुसणार, तुमचा व्हायकिंग? आणि पडद्याचा दांडा?"

"दांडा तू पाडलास!"

"मी? मी पाडला?"

येणारेजाणारे थांबून बघायला लागले. एका म्हातारबाबांनी मध्ये पडून समजूत घालायचाही प्रयत्न केला, तर दोघंही त्यांच्यावर एकदम खेकसली. घर येईपर्यंत भांडण काही मिटलं नाही, आणि जिना चढताना बगळ्याला एवढा आनंद झाला होता, की शेवटच्या पायरीवर त्याने बायकोला मुद्दाम आणखी एक चढा शब्द ऐकवला.